दर्जा नावाची पळवाट

ध्वनिमुद्रित संगीताचा खप का घसरला, या प्रश्नाला गेली पंचवीस वर्षे दोन ठरावीक उत्तरे दिली जात आहेत. पहिले उत्तर कंपन्यांचे : महाजालावरून लोक गाणी फुकट उतरवून घेऊ लागले, म्हणून. दुसरे रसिकांचे : गाणीच टाकाऊ निघू लागली, म्हणून, चांगले संगीत द्या, आम्ही रांगा लावून विकत घेऊ. पहिल्या उत्तराची टवाळी करणे सोपे आहे आणि ती पुरेशी झालीही आहे. आमचे भांडण दुसऱ्या उत्तराशी आहे, कारण ते आमच्याच घरातले आहे. साहित्याच्या वर्गांत, परिसंवादांत, मैफलीच्या मध्यंतरातल्या चहापाशी ते इतक्या सहज उच्चारले जाते की हे एक विधान आहे आणि विधानाला पुरावा लागतो, याचाच विसर पडला आहे.

हा वाद मुळात उभा राहिला अमेरिकेत. तेव्हा आधी तिथलाच विदा पाहू. १९९९ साली तिथल्या ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल सुमारे १४.६ अब्ज डॉलर होती. त्याच वर्षीच्या जूनमध्ये नॅपस्टर सुरू झाले आणि एकाच्या संगणकावरची गाणी हजारोंना उतरवून घेता येऊ लागली. न्यायालयाच्या आदेशानंतर २००१च्या जुलैत नॅपस्टर थांबले. त्याचे अनुकरण करणारे थांबले नाहीत. २०१४-१५पर्यंत उलाढाल सात अब्जांच्या आसपास, म्हणजे निम्म्यावर आली. इथपर्यंत दोन्ही उत्तरे तग धरतात. चोरी वाढली म्हणा की दर्जा घसरला म्हणा, आलेख दोघांच्याही बाजूने बोलतो.

पण आलेख तिथे संपत नाही. २०१६पासून उलाढाल पुन्हा वाढू लागली आणि २०२३ साली ती १७.१ अब्जांवर गेली. (भाववाढ हिशेबात धरली तर १९९९चे शिखर अजून दूरच आहे, हे मान्य. दिशा बदलली, हे मात्र त्याने खोटे ठरत नाही.) आता दर्जावाद्यांनी सांगावे : २०१५नंतर अमेरिकेतले संगीत एकाएकी सुधारले काय? खप हा जर दर्जाचा आरसा असेल, तर घसरणीच्या वेळी आरशात पाहायचे आणि चढणीच्या वेळी तो भिंतीकडे फिरवून ठेवायचा, हे चालणार नाही. ज्यांच्याशी आम्ही हा वाद घातला त्यांतला एकही गृहस्थ 'हो, सुधारले' म्हणायला तयार झाला नाही. उलट हल्लीची गाणी तर त्याहून भिकार, असेच प्रत्येकाचे मत पडले. मग पैसा परत कसा आला? दरमहा ठरावीक रक्कम भरून हवे ते गाणे हव्या त्या क्षणी ऐकण्याची सोय झाली. चोरून उतरवण्यापेक्षा ती कमी कटकटीची निघाली. लोक पैसे देऊ लागले. संगीताच्या गुणावगुणांचा या साऱ्याशी काडीचा संबंध नाही.

दर्जाच्या युक्तिवादात दुसरीही एक मूलभूत विसंगती आहे, आणि ती विदा न पाहताही दिसायला हवी होती. टाकाऊ वस्तू कोणी चोरत नाही. जे गाणे लोकांना नकोसे झाले, ते फुकट मिळाले तरी रात्ररात्र जागून, मंद जोडणीवर तासन्‌तास वाट पाहून कोण उतरवून घेईल? उतरवून घेणे हीच मुळी मागणीची पावती आहे. आमच्या विद्यापीठीय वाचकांना हे झेरॉक्सच्या उदाहरणावरून चटकन पटेल. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या छायाप्रतींच्या दुकानावर तीन बड्या प्रकाशनसंस्थांनी २०१२ साली दावा लावला आणि २०१६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. त्या वादात पुस्तके महाग आहेत, अभ्यासासाठी प्रती काढण्याची मुभा कायद्यात आहे, असे पुष्कळ बोलले गेले. पण पुस्तके वाईट आहेत म्हणून विद्यार्थी त्यांच्या छायाप्रती काढतात, असे म्हणण्याचा विनोद कोणी केला असता तर? संगीताच्या बाबतीत नेमका हाच विनोद गंभीर चेहऱ्याने केला जातो.

नॅपस्टर भरात असतानाच्या खपाचे आकडेही इथे आठवावेत. मार्च २००० मध्ये 'एनसिंक' या पोरसवदा गायकांच्या चमूचा संग्रह पहिल्याच आठवड्यात २४ लाखांवर विकला गेला. त्याच वर्षी 'रेडिओहेड'चा 'किड ए' हा दुर्बोध म्हणून गाजलेला संग्रह प्रकाशनाआधीच जालावर फुटला आणि तरीही ऑक्टोबरात अमेरिकी यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. पहिल्याला समीक्षकांनी फारसे जवळ केले नाही, दुसऱ्याला डोक्यावर घेतले; खपले दोन्ही, आणि उतरवलेही गेले दोन्ही. दर्जाचा खपाशी असा सरळ धागा असता तर मराठीत सर्वाधिक आवृत्त्या कोणत्या पुस्तकांच्या निघाल्या असत्या, याचा विचार वाचकांनी सवडीने करावा.

याचा अर्थ कंपन्यांचे उत्तर बरोबर होते, असा कोणी काढील. ते अर्धे बरोबर होते. फुकट देवघेवीने विक्रीचे नुकसान झाले, असेच बहुतेक अभ्यासकांना आढळले आहे. २००२च्या उत्तरार्धातला विदा तपासून ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००७ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात हा परिणाम जवळजवळ शून्य असल्याचे म्हटले होते. रसिकवर्ग आजही तोच निबंध नाचवतो. त्यावरचे आक्षेप आणि उलट निष्कर्षाचे निबंध नाचवत नाही. पण नुकसान झाले हे एक, आणि ते का होऊ शकले हे दुसरे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात या कंपन्यांनी सुटे गाणे विकणेच कमी कमी करत आणले होते. 'नो डाउट'चे 'डोन्ट स्पीक' हे गाणे नभोवाणीवर अहोरात्र वाजत होते, पण अमेरिकेत ते सुटे विकतच मिळत नव्हते. एका गाण्यासाठी सगळा संग्रह घ्या, असा हुकूम होता. त्यात किमतीही पडू द्यायच्या नाहीत असा बंदोबस्त. पाच बड्या कंपन्यांच्या जाहिरात-अटींमुळे ग्राहकांना तीन वर्षांत सुमारे ४८ कोटी डॉलरचा जादा भुर्दंड पडला, असा अंदाज तिथल्या संघीय व्यापार आयोगाने मे २०००मध्ये मांडला. एवढे झाल्यावर २००३पासून त्यांनी आपल्याच श्रोत्यांवर खटले भरले. मिनेसोटातल्या एका बाईंना २४ गाण्यांपायी १९ लाख २० हजार डॉलर भरायला ज्यूरीने २००९ साली सांगितले (रक्कम पुढे बरीच उतरली). श्रोत्याला हवे होते एक गाणे, रास्त किमतीत. ते मिळत नव्हते तोवर त्याने चोरले; मिळू लागल्यावर चोरी बरीचशी ओसरली.

अमेरिकेत हा तमाशा सुरू होण्यापूर्वी वीसेक वर्षे आपल्याकडे तो होऊन गेला होता, फक्त तेव्हा महाजाल नव्हते, कॅसेट होती. ग्रामोफोन कंपनीची, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'एचएमव्ही'ची, तोवर या देशात जवळजवळ मक्तेदारी होती. तबकडी महाग, ती वाजवायचे यंत्र त्याहून महाग. स्वस्त कॅसेट आणि स्वस्त टेपरेकॉर्डर आले तसे कोरी फीत भरून देणारे दुकानदार गल्लोगल्ली उभे राहिले. मागणी आणि पुरवठा यांमधली ही दरी गुलशन कुमार यांनी नेमकी हेरली. १९५७च्या प्रताधिकार कायद्यात एक तरतूद होती : मूळ ध्वनिमुद्रणाला ठरावीक काळ लोटल्यावर, सूचना देऊन आणि मानधन भरून, तेच गाणे दुसऱ्या आवाजात नव्याने मुद्रित करता येत असे. 'टी-सीरीज'ने या तरतुदीचा आधार घेऊन लता-रफी-किशोर यांची गाणी इतरांच्या आवाजांत काढली आणि मुख्य म्हणजे स्वस्तात काढली. त्या आवृत्त्यांना तेव्हाच्या रसिकांनी काय काय नावे ठेवली! नक्कल म्हणाले, भेसळ म्हणाले. त्या मूळ गाण्यांच्या पासंगाला पुरत नव्हत्या, हे आम्हालाही मान्य आहे. आणि तरीही त्या प्रचंड खपल्या. म्हणजे दर्जा उतरल्याने खप उतरतो, या सिद्धान्ताचा आपल्याच देशात, आपल्याच डोळ्यांदेखत, उलटा प्रयोग झाला होता. दर्जा उतरला, किंमत उतरली, खप चढला. पीटर मॅन्युएल या अमेरिकी अभ्यासकाने १९९३ साली 'कॅसेट कल्चर' हा ग्रंथ लिहून उत्तर भारतातल्या या घडामोडींची नोंद केली. आपल्याकडच्या संगीतचर्चेत त्याची दखल किती घेतली गेली, याविषयी न बोललेले बरे.

आणि ज्याला सरसकट घसरण म्हटले गेले त्यात काय काय होते? कॅसेटने जे संगीत प्रथमच मोठ्या प्रमाणावर बाजारात आणले त्यात कोळीगीते होती, लावण्या होत्या, प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते होती, विठ्ठल उमप यांची शाहिरी होती, आणि आंबेडकरी गाण्यांचा अफाट संभार होता. दर ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीच्या परिसरात पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे, पुढे सीडींचे ठेले लागत. तिथला ग्राहक चांगल्या संगीताच्या अभावी रुसून घरी बसला नव्हता. रसिकांच्या हिशेबात तो धरलाच गेला नाही, एवढेच. 'दर्जा' हा शब्द मराठी समीक्षेत निरागस नाही. दलित साहित्य छापून येऊ लागले तेव्हा याच शब्दाची वेस बांधून त्याला बाहेर थांबवण्याचा प्रयत्न झाला, आणि शरणकुमार लिंबाळे यांना दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र वेगळे मांडावे लागले, ते काही हौसेखातर नव्हे. साहित्यात ज्या शब्दाची उलटतपासणी आपण चाळीस-पन्नास वर्षे करत आलो, तोच शब्द संगीताच्या बाजाराविषयी बोलताना आपण बिनदिक्कत वापरतो, याचे आम्हाला नवल वाटते.

आता या पळवाटेची किंमत कोण मोजतो ते पाहू. कारण नुसती तर्कदुष्टता असती तर एवढा मजकूर लिहिण्याचे कारण नव्हते. कुमार गंधर्वांची किंवा मल्लिकार्जुन मन्सूर यांची कॅसेट मित्राकडून 'उतरवून' घेतली नाही, असा रसिक विरळा. (उतरवणे हा शब्द जालाच्या आधीपासून आपल्याकडे याच अर्थाने होता, हे लक्षात घ्यावे.) ते संगीत टाकाऊ होते म्हणून का ते उतरवले? ते श्रेष्ठ होते म्हणूनच उतरवले. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारखी छोटी संस्था अभिजात संगीताची ध्वनिमुद्रणे काढत होती, तिच्या मागे ना चित्रपटांचा पैसा होता ना लाखांचा खप. अशा संस्थेच्या एका कॅसेटच्या दहा प्रती दहा घरांत गेल्या की फटका बसतो तो उत्तमालाच. चित्रपटसंगीताच्या धंद्याला तो पेलतो. ज्याच्या पाचशे प्रती निघायच्या त्याला पेलत नाही. म्हणजे 'दर्जेदार द्या, विकत घेऊ' म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात दर्जेदारच तेवढे फुकट घेतले, आणि खप घसरल्याचा दोष न ऐकलेल्या गाण्यांवर टाकला.

इथे एक अपवाद केलाच पाहिजे. हिराबाई बडोदेकर, मास्टर कृष्णराव यांच्या ७८ फेऱ्यांच्या ज्या तबकड्या बाजारातून कधीच नाहीशा झाल्या, त्या संग्राहकांनी एकमेकांना ऐकवल्या, भरून दिल्या, म्हणूनच पुढच्या पिढीपर्यंत पोहोचल्या. जे विकायलाच नाही त्याची प्रत काढल्याने विक्री बुडत नाही. हा फरक न करता सगळ्याच प्रतींना एका फटकाऱ्यात चोरी ठरवणारे, आणि सगळ्याच प्रतींना संस्कृतिरक्षण ठरवणारे, दोघेही आम्हाला सारखेच निष्काळजी वाटतात.

राहिला कलावंत. त्याच्या नावाने कंपन्यांनी गळे काढले, त्या गळ्यांचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की चित्रपटासाठी मोबदला घेऊन गीत-संगीत करवून घेतले, की एरवी काही करार नसल्यास पहिला हक्क निर्मात्याचा. त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेगळी टीप जोडून, गायकाला आपल्या कायद्यात काहीच हक्क नाही याबद्दल खंत नोंदवली. गीतकार-संगीतकारांना न सोडता येणारा स्वामित्वधनाचा हक्क मिळायला त्यानंतर २०१२ची कायदादुरुस्ती उजाडावी लागली. तोवर एकरकमी मोबदल्यावर हक्क लिहून घेणारेच दुसऱ्या हाताने पोस्टर छापत होते : चोरून गाणी घेऊ नका, कलावंताच्या पोटावर पाय येतो. पाय येत होता हे खरे. तो एकाच बाजूने येत नव्हता.

नव्या व्यवस्थेत पैसा परतला आहे, पण तो वाटला कसा जातो हे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना विचारावे. ख्यालाची पाऊण तासाची मांडणी आणि तीन मिनिटांचे गाणे ही दोन्ही ऐकणाऱ्याची एकेकच 'फेरी' मानून हिशेब होतो, तेव्हा सगळ्यात कमी पडते ते कोणाच्या पदरात, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. या हिशेबावर मराठी रसिकाने काही म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तो अजून 'हल्लीची गाणी' याच विषयावर बोलतो आहे, आणि त्याच्या भ्रमणध्वनीत कोणीतरी पाठवलेली किशोरी आमोणकरांची मैफल आहे.