शेवटच्या आजाराला लेखाशीर्ष नाही

२०१९ च्या हिवाळ्यात माझ्या आईला चंदीगडच्या एका रुग्णालयातून घरी पाठविण्यात आले. डिस्चार्ज कार्डावर निदान होते, औषधे होती आणि शेवटी 'घरी काळजी घ्यावी' अशा अर्थाची एक ओळ होती. ती काळजी कोणी घ्यायची, आणि रात्री दोन वाजता वेदना असह्य झाल्या तर कोणाला बोलवायचे, याबद्दल कार्ड मौन बाळगून होते. सरकारी नोकरीत तीस वर्षे मी कागदच वाचत आलो आहे. कर्त्याचा उल्लेख न करता 'घ्यावी', 'करावे', 'पाहावे' असे जिथे लिहिलेले असते, तिथे ते काम कोणाचेच नसते, हे मला एव्हाना ओळखता येते.

दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज केला. 'किती दिवस' हा रकाना रिकामा सोडता येत नाही. आईला अजून किती दिवस आहेत, हे मुलाने अदमासाने लिहून द्यायचे आणि अदमास चुकला तर मुदतवाढीचा अर्ज करायचा! केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला वर्षाला ८ दिवस नैमित्तिक, ३० दिवस अर्जित आणि २० दिवस अर्धवेतनी रजा मिळते. आईवडिलांच्या काळजीसाठी हीच रजा वापरता येईल, असे सरकारने जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत सांगितले. म्हणजे जे हातात होते तेच पुन्हा हातावर ठेवले. अपत्य संगोपनासाठी संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची रजा आहे, आणि ती असायलाच हवी. परंतु माणूस या जगात येताना जी यंत्रणा इतकी दक्ष असते, ती त्याच्या जाण्याच्या वेळी अशी पाठ का फिरविते, हा प्रश्न विचारायला नको काय?

प्रशासनाला मृत्यू उत्तम कळतो. १९६९ च्या कायद्यानुसार त्याची नोंद २१ दिवसांत करावी लागते. पुढे कुटुंब निवृत्तिवेतन आहे, अनुकंपा नियुक्ती आहे, वारस दाखला आहे. परंतु मृत्यूच्या आधीचे जे तीन महिने वा तीन वर्षे असतात, त्यांच्यासाठी आपल्याकडे नमुना नाही, मंजूर पद नाही आणि लेखाशीर्षही नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की यातले पहिले कारण पैशाचे नाही आणि संस्कृतीचेही नाही. ज्या कामाला पद नाही, ते काम सरकारात अस्तित्वातच नसते.

मॉर्फीनचे उदाहरण घ्या. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. ग्वाल्हेरला मुख्यालय असलेला केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो तिची खरेदी करतो. नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखाने तिच्यावर प्रक्रिया करतात. हा सारा पसारा वित्त मंत्रालयाच्या महसूल विभागाखाली चालतो. कर्करोगाच्या वेदनेवरील सर्वांत भरवशाचे आणि स्वस्त औषध आपल्याच शेतात उगवते, आणि तरीही जिल्ह्याच्या ठिकाणी त्या औषधाची गोळी मिळण्याची शाश्वती नसते.

१९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीसह आला आणि औषध दुकानदारांनी हात वर केले. १९९८ मध्ये केंद्राने राज्यांना नियम सोपे करण्यास सांगितले. बहुतेकांनी त्या पत्राला पोच देण्यापलीकडे फारसे काही केले नाही. अखेर २०१४ मध्ये कायद्यातच दुरुस्ती झाली. २०१५ मध्ये मॉर्फीनसह सहा औषधे अत्यावश्यक ठरविण्यात आली. पूर्वी अनेक खात्यांचे उंबरठे झिजवावे लागत, तिथे राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. त्यालाही आता दशक उलटून गेले.

मग अडले कुठे? अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी प्रोत्साहनाचा हिशेब पाहतो. मॉर्फीनचा साठा ठेवला नाही म्हणून कोणा अधीक्षकाला कारणे दाखवा नोटीस मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. साठ्यात दहा गोळ्या कमी भरल्या तर चौकशी मात्र ठरलेली. अशा वेळी शहाणा अधिकारी काय करील, हे सांगायला अर्थशास्त्रही लागत नाही.

चंदीगडमध्ये हा विषय काढला की समोरचा म्हणतो, 'साहेब, पंजाबची परिस्थिती ठाऊक आहे ना?' ठाऊक आहे. हेरॉइन सीमेपलीकडून येते, ड्रोनने येते. शय्येवर खिळलेल्या आजीच्या उशाशी ठेवलेल्या डबीतून ते गावात पसरलेले नाही. ज्या प्रदेशात व्यसनी तरुणाला सुईपर्यंत पोहोचायला अडचण पडत नाही, तिथे मरणासन्न माणसाला गोळीपर्यंत पोहोचू न देणे याला अमली पदार्थविरोधी धोरण म्हणता येत नाही.

चंदीगड म्हणजे अवघे ११४ चौरस किलोमीटर. इथे पीजीआय १९६२ पासून आहे. पंजाब, हरियाणा, हिमाचल, जम्मू-काश्मीर एवढ्या मुलखातले रुग्ण तिथे येतात. शहराबाहेर मुल्लांपूरला २०२२ मध्ये होमी भाभा कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन झाले. पीजीआयच्या दारात लंगर चालविणारे जगदीशलाल आहुजा स्वतः कर्करोगाशी झुंजत होते. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, २०२१ मध्ये ते गेले. दातृत्वाची वाण या शहराला नाही. काही डॉक्टर आणि स्वयंसेवक वेदनाशमनाचे काम निष्ठेने करीत आले आहेत. परंतु व्यक्तींच्या बळावर चालणारे काम व्यक्तीबरोबरच निवृत्त होते. मुल्लांपूरसारख्या इमारतीला फीत असते. घरी जाऊन जखम धुणाऱ्या परिचारिकेच्या कामात कापायला फीत नसते.

भारतातले पहिले हॉस्पिस १९८६ साली वांद्र्याला उभे राहिले: डॉ. एल. जे. डिसूझा यांचे शांती आवेदना सदन. पुण्यात वारज्याचे सिप्ला केंद्र १९९७ पासून विनामूल्य शुश्रूषा देत आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये याविषयीचे धोरणही केले. त्याच वर्षी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, पण स्वतंत्र भरीव तरतुदीविना. राज्यांनी प्रस्ताव पाठवावेत, असे त्याचे स्वरूप राहिले. केरळने २००८ मध्ये वेगळे काही केले. तिथे धोरणाबरोबर काम पंचायतीच्या अंदाजपत्रकात शिरले, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिचारिकेला अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाणे हे कर्तव्य म्हणून नेमून दिले गेले. केरळी माणूस आपल्याहून अधिक दयाळू आहे असे मला वाटत नाही. तिथे फेरी झाली नाही तर जाब कोणाला विचारायचा, हे ठरलेले आहे.

आपल्याकडे संस्थात्मक प्रसूतीला २००५ पासून जननी सुरक्षा योजनेचे अनुदान आहे. आयुष्मान भारतचे विमाकवच २०२४ मध्ये सत्तरीपुढील सर्वांना मिळाले, पण ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. ज्याला घरीच, आपल्या माणसांत मरायचे आहे, त्याच्याकडे येणाऱ्या परिचारिकेचा खर्च त्यात बसत नाही. म्हणजे शासन नकळत सांगते की अतिदक्षता विभागात मरा, पैसे देऊ.

'आपल्याकडे घरचे लोक बघतात' हे उत्तर मला सर्वाधिक खटकते. कोणत्या घरचे? बदलीच्या गावी दोन खोल्यांत माझी पत्नी एकटी बघत होती. आई सातारा जिल्ह्यातली. कळ, ठणका, चमक, रग यांतला भेद ती काटेकोर करी. तपासायला आलेल्या हिमाचली मुलीला मी त्या सगळ्याचे 'दर्द' एवढेच भाषांतर करून देत होतो. एकदा ती म्हणाली, "आत कालवल्यासारखं होतंय." मी 'बेचैनी' सांगितले. तिला झोपेची गोळी मिळाली. चूक माझी होती, त्या मुलीची नव्हे.

आई गेल्यावर शेजारच्या सरदारजींच्या घरून तीन दिवस डाळ-रोटी आली. त्यांच्यात भोग पडला की शोकाची एक रीत पूर्ण होते. वर्तमानपत्रात वेळ छापून येते, माणसे येऊन बसतात. आपल्याकडे सुतक होते, भाऊबंद होते, दहाव्याला जमणारी माणसे होती. ते सारे गावी राहिले. दहावा नाशिकला उरकून आम्ही परतलो, तेव्हा ८२ वर्षांच्या वडिलांशी बोलणारे मराठी माणूस या शहरात आम्ही दोघेच उरलो होतो. ते दिवसभर खिडकीशी बसत. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार मृत्यूनंतर कुटुंबाला आधार देणे हा या सेवेचाच भाग आहे. आमच्या दारात मात्र कोणी आले नाही, कारण ज्यांनी यायचे त्यांचे पदच नव्हते.

२०२२ पासून टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा दूरध्वनीवर आहे, आणि ती उपयुक्त आहे. परंतु पत्नी गेल्यावर वडिलांच्या पिढीतला पुरुष फोन करून 'मला रडू येते' असे म्हणेल, ही कल्पना ज्याने केली त्याने असा पुरुष पाहिलेला नसावा. त्याच्याकडे माणूसच जावे लागते.

चंदीगडसारख्या शहराला चार फिरती पथके पुरतील, असा माझा अंदाज आहे: प्रत्येकात दोन परिचारिका, एक वाहन, आठवड्यातून दोनदा डॉक्टर, आणि मृत्यूनंतर तीन भेटी नोंदवहीत सक्तीच्या. मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एकाने मॉर्फीनच्या साठ्याची जबाबदारी नावानिशी घ्यावी, आणि साठा संपल्यास खुलासा द्यावा. एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणापुढे हा खर्च फार मोठा नसावा.

आणि परमुलखातल्या आपल्या मराठी मंडळांनी सरकारची वाट पाहू नये. गणेशोत्सवाच्या वर्गणीची यादी दरवर्षी अद्ययावत होते. तिच्याच पाठीमागे आणखी पाच नावे लिहून ठेवावीत: आजाऱ्याच्या उशाशी तासभर बसून मराठीत बोलू शकतील अशांची. त्यांतले पहिले नाव माझे धरावे. रविवारी सकाळी मी मोकळा असतो.