दुसरी बाटली उघडेपर्यंत नाव सांगू नका

प्रति,
श्री. विटोल्ड बान्का,
अध्यक्ष, जागतिक उत्तेजकविरोधी संस्था (वाडा), मॉन्ट्रियल



२००७ च्या ओसाका जागतिक स्पर्धेत पोलंडच्या ४ बाय ४०० रिले संघाने ब्राँझ जिंकलं. त्या संघात तुम्ही होतात. त्याच मैदानावर धावपटू बर्नार्ड लगाटने १५०० आणि ५००० मीटर, दोन्ही सुवर्णपदकं घेतली. चार वर्षांपूर्वी याच लगाटवर उत्तेजक घेतल्याचा ठपका होता. चाचणीचा नमुना दोन बाटल्यांत, ‘अ’ आणि ‘ब’, ठेवतात. २००३ मध्ये त्याच्या ‘अ’ नमुन्यात ईपीओ हे तांबड्या पेशी वाढवणारं संप्रेरक बाहेरून घेतल्याचं सापडलं, असं सांगितलं गेलं आणि पॅरिसची जागतिक स्पर्धा हुकली. पुढे दुसऱ्या बाटलीतल्या ‘ब’ नमुन्याने त्याला दुजोरा दिला नाही. लगाट सुटला, पण तोवर पॅरिसची शर्यत होऊन गेली होती.

वीस वर्षांनी तेच पीटर बोलच्या बाबतीत घडलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरला चौथा आलेला हा ऑस्ट्रेलियन धावपटू. ऑक्टोबर २०२२ मध्ये नमुना घेतला, जानेवारीत निलंबन झालं आणि नाव जगजाहीर झालं. फेब्रुवारीत ‘ब’ नमुना ‘अ’शी जुळला नाही. निलंबन उठलं, तरी प्रकरण मिटायला ऑगस्ट उजाडला.

ईपीओची चाचणी रक्तातल्या साखरेसारखा एक आकडा देऊन मोकळी होत नाही. जेलच्या पातळ थरावर काळसर पट्टे उमटतात. शरीरातल्या ईपीओचा पट्टा एका जागी, बाहेरून टोचलेल्याचा थोडा वर, कधी नुसता पसरट डाग. तो डाग कशाचा, हे तज्ज्ञ डोळ्यांनी ठरवतात. बोलच्या प्रकरणात तज्ज्ञांचंच एकमत नव्हतं, हे ऑस्ट्रेलियाच्या उत्तेजकविरोधी यंत्रणेने स्वतः सांगितलं. तज्ज्ञांचं ठरत नसताना लोकांनी मात्र त्याला चोर ठरवून टाकलं होतं.

मी नियम सैल करा म्हणत नाही. मॅरेथॉनची विश्वविक्रमवीर रूथ चेपनगेटिच हिच्यावर २०२५ मध्ये तीन वर्षांची बंदी आली, ती योग्यच. प्रामाणिकपणे धावून चौथ्या आलेल्या मुलीचं पदक चोरीला जातं, त्याची चीड मलाही आहे. संशयिताला शर्यतीपासून दूर ठेवा, हवं तर त्याच दिवशी. पण गाजावाजा न करता.

आमच्याकडे सातारा-नाशिकच्या मुली पहाटे डांबरी रस्त्यावर सराव करतात. एका पदकावर रेल्वेतली किंवा पोलिसातली नोकरी ठरते. तुमची उत्तेजकविरोधी संहिता त्यांनाही लागू आहे. नाव एकदा छापून आलं की गावात, घरात, स्थळ पाहायला आलेल्यांसमोर तेच उरतं. बोलच्या मागे वकील उभे राहिले. अशा मुलीला ‘ब’ चाचणीची फी भरतानाच नाकीनऊ येतात.

म्हणून मागणं एवढंच. ‘ब’चा निकाल लागेपर्यंत कुठल्याही संघटनेने नाव उघड करू नये, आणि संघटनेच्या कार्यालयातूनच ते फुटलं तर फोडणाऱ्यावर कारवाई व्हावी. ‘ब’ तपासायला ठरलेली मुदत असावी. दोन्ही नमुने सहसा एकच प्रयोगशाळा तपासते. ईपीओपुरता तरी दुसरा नमुना दुसरीकडे पाठवा. आणि जो निर्दोष सुटेल, त्याचं नाव निलंबनाच्या बातमीइतक्याच ठळकपणे तुमच्या सहीने प्रसिद्ध करा.

तुम्ही स्वतः धावला आहात. हे नियम बदलायला पुढाकार घ्या.

आपली,
एक क्रीडाप्रेमी वाचक