गर्भाशयाचे अस्तर : आधी जाणावे, मग शस्त्र उचलावे

“पिशवी काढून टाकली, कटकट मिटली,” असे आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायका सहज म्हणतात. भिंड-मुरैन्याहून ग्वाल्हेरला येणारी रुग्णाही “बच्चेदानी निकलवा दीजिए” अशीच विनंती करते. मुले झाली की गर्भाशयाचे काम संपले, हा समज दोहोंच्या मुळाशी आहे. तो दूर करण्याचे काम आपण डॉक्टरांनी पुरेसे केलेले नाही, असे माझे मत आहे.

गर्भाशयाचे अस्तर हे शरीरातील अत्यंत आज्ञाधारक ऊतक आहे. पाळीनंतर बीजकोशातून येणारे इस्ट्रोजेन अस्तराच्या पेशीत शिरते, केंद्रकातील आपल्या रिसेप्टरला, म्हणजे ग्राही प्रथिनाला, जाऊन मिळते आणि ही जोडी डीएनएवरील ठरावीक जागी बसून वाढीची जनुके जागी करते. त्याच वेळी ते प्रोजेस्टेरॉनचे ग्राहीही तयार करवून घेते. म्हणजे पुढच्या पाहुण्यासाठी पाट मांडण्याचे कामही इस्ट्रोजेनच करते. बीजोत्सर्गानंतर प्रोजेस्टेरॉन येते, इस्ट्रोजेनचे ग्राही कमी करते, वाढीला लगाम घालते आणि गर्भ रुजावा म्हणून वेगळीच जनुके कामाला लावते. गर्भ न राहिल्यास प्रोजेस्टेरॉन ओसरते. त्याने दाबून ठेवलेली, अस्तराची वीण उसवणारी विकरे मोकळी होतात आणि पाळी येते.

आता चाळिशीतील अनियमित रक्तस्रावाकडे पाहावे. अनेकदा बीजोत्सर्गच झालेला नसतो. त्यामुळे प्रोजेस्टेरॉन येत नाही, अस्तर वाढतच राहते आणि वाटेल तेव्हा, वाटेल तसे ढासळते. येथे दोष गर्भाशयाचा नसून त्याला मिळणाऱ्या संदेशाचा असतो. संदेश दुरुस्त करता येतो. प्रोजेस्टेरॉनवर्गीय गोळ्या आहेत. गर्भाशयात बसवायचे, लिव्होनॉरजेस्ट्रेल थेट अस्तरावर सोडणारे साधन आहे. अस्तराची तपासणी करून कर्करोग वा त्याची पूर्वावस्था नाही, याची खात्री मात्र आधी करावी लागते. कर्करोग, मोठ्या गाठी किंवा औषधांना न जुमानणारा रक्तस्राव असेल, तर शस्त्रक्रिया वरदानच आहे. तक्रार आहे ती पहिल्याच भेटीत ठरणाऱ्या शस्त्रक्रियेबद्दल.

या घाईची किंमत मराठी मुलुखाने पाहिली आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे प्रकरण गाजले. शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिकांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीमुळे खाडा नको, मुकादमाची उचल फिटली पाहिजे, आणि भीती घालणारा डॉक्टरही भेटला, असे सारे जुळून आले होते. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रियांच्या याचिकेवर निकाल देताना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्यास राज्यांना सांगितले. जे आपल्या विवेकाने व्हायला हवे, ते न्यायालयाला सांगावे लागले.

गर्भाशयासोबत बीजकोशही काढले गेले, तर इस्ट्रोजेनचा पुरवठा एकाएकी तुटतो. तरुण स्त्रीची हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. शेतात वा वीटभट्टीवर राबणाऱ्या स्त्रीला ठिसूळ हाडे म्हणजे गेलेली रोजी.

ग्वाल्हेरला गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाची १९४६ पासूनची परंपरा आहे आणि कमलाराजा रुग्णालयासारखा स्त्रियांचा आधार आहे. अशा शहरातील डॉक्टरांनी रुग्णेला एवढे तरी कागदावर चित्र काढून सांगावे : अस्तर कोणाच्या सांगण्यावरून वाढते, कोणाच्या सांगण्यावरून थांबते. त्याला पाच मिनिटे लागतात. आणि समाजातील सुज्ञ वाचकांनी घरातील स्त्रीला पिशवी काढण्याचा सल्ला मिळाल्यास तीन प्रश्न जरूर विचारावेत : अस्तराची तपासणी झाली का? औषधोपचार करून पाहिला का? बीजकोश ठेवणार का? हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे; चांगल्या डॉक्टरला त्यांचा आनंदच होईल.