चित्रकलेची वही कशाला?



"सर, मोबाइलला नुसते सांगितले तरी वाघाचे चित्र तयार होते. मग आम्ही पेन्सिल कशाला झिजवायची?" हा प्रश्न आजकाल वर्गात हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. नुसते चित्रच हवे असेल, तर संगणक ते आपल्यापेक्षा लवकर आणि बहुधा अधिक सफाईने काढून देतो. पण चित्र मिळणे वेगळे आणि ती वस्तू आपण नीट पाहिलेली असणे वेगळे. हे पाहण्याचे काम संगणक आपल्यासाठी करू शकत नाही, असे माझे मत आहे.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पळस भरपूर आहे. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण तुम्ही शिकला आहात. कोठेही गेले तरी परिस्थिती सारखीच, असा तिचा अर्थ. पण ती तीन पाने एकदा वहीत काढून पाहा. मधले पान दोन्ही बाजूंनी सारखे असते. शेजारची दोन मात्र तिरपी, एका अंगाने अधिक रुंद. ही म्हण रोज बोलणाऱ्यांनाही ते ठाऊक नसते! फोटो काढणाऱ्याला कड कोठे वळते, शीर कोठून निघते, हे पाहावेच लागत नाही. चित्र काढणाऱ्याची त्यातून सुटका नसते.

ताडोब्यासारख्या जंगलांत पूर्वी वाघ कसे मोजत, हे माहीत आहे का? वाटेवर उमटलेल्या पंजाच्या ठशावर वनरक्षक काच ठेवत, काचेवर ठशाची कड रेखाटत आणि मग ती कागदावर उतरवून घेत. ओडिशाचे वन अधिकारी सरोज राज चौधरी यांनी ही पद्धत रुजवली. १९७२ च्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ मोजले गेले. पुढे राजस्थानातील सरिस्का येथे वाघच उरले नाहीत, हे २००५ मध्ये उघड झाले आणि ही पद्धत मागे पडली. आता जंगलात लावलेले कॅमेरे फोटो टिपतात आणि संगणक अंगावरचे पट्टे ताडून वाघ ओळखतो, कारण दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात.

हा बदल योग्यच झाला. ओल्या चिखलात ठसा पसरतो, धुळीत वेगळा दिसतो. शिवाय एकाच ठशाची दोघांनी काढलेली चित्रे जुळतीलच असे नाही. मोजणी यंत्राने करावी. पण ज्याने खाली बसून असे ठसे रेखाटले, त्याला नराचा ठसा साधारण चौरस आणि मादीचा थोडा लांबट असतो, हे पाठ करावे लागले नाही. भल्या पहाटे मोहफुले वेचायला जाणाऱ्या आपल्या माणसांना ठसा ओळखता येणे किती गरजेचे आहे, हे तुम्हांला सांगायला नको.

आता आपल्या उर्दूकडे या. पूर्वी उर्दू वर्तमानपत्रांची पानेच्या पाने कातिब हाताने लिहीत. नस्तालीकमध्ये जागेप्रमाणे अक्षराचे रूप बदलते, शब्द तिरपा उतरतो; म्हणून ती लिपी यंत्रात बसवणे फार अवघड होते. पाकिस्तानातील खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडअक्षरे हाताने रेखाटली, तेव्हा 'नूरी नस्तालीक' तयार झाले. १९८१ मध्ये लाहोरचे 'जंग' दैनिक त्यात निघू लागले. १९९४ मध्ये आलेल्या 'इनपेज'ने तीच वळणे आपल्याकडच्या संगणकांवर आणली. ही अक्षरे संगणकानेच घडवली, असे पुष्कळ मुलांना वाटते.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून काहीजण चित्रकलेकडे वळतात. तेही चालेल! परंतु परीक्षा होताच वही रद्दीत जाते, हे मला पटत नाही. काही शाळांत चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकतात, ते तर मुळीच नाही.

चित्र सुंदर आले नाही तरी हरकत नाही. पळसापासूनच सुरुवात करा. मात्र तो फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो, तेव्हा झाडावर पान क्वचितच असते. पान काढायचे असेल तर त्याआधीच काढा.