अंतराळात वजन जाते कुठे?



२०२५ च्या जून महिन्यात शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोहोचले, तेव्हा आमच्या वस्तीतही टीव्हीपुढे गर्दी जमली होती. माणसे हवेत तरंगताना पाहून मुलांनी विचारले, "असे कसे?" आम्ही सवयीने सांगून टाकले, "तिथे पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण पोहोचत नाही." त्यावर सातवीतली एक मुलगी म्हणाली, "मग चंद्र तर त्याहून किती लांब! तो पृथ्वीभोवती कसा फिरतो?"

आम्ही निरुत्तर झालो. इतकी वर्षे आम्ही मुलांना चुकीचेच सांगत आलो होतो. ती चूक आज याच सदरात दुरुस्त करीत आहोत.

अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. तेवढा उंच मनोरा बांधून त्यावर ५० किलोचा माणूस काट्यावर उभा केला, तर काटा सुमारे ४४ किलो दाखवील. मग स्थानकात वजन जाते कुठे?

आपल्याला वजन जाणवते ते पायाखालची जमीन आपल्याला पेलून धरते म्हणून. जत्रेतला मोठा पाळणा झपकन खाली येतो तेव्हा पोटात गोळा येतो, अंग हलके वाटते. त्या क्षणी पृथ्वीची ओढ कमी झालेली नसते. आपल्याला पेलणारी बैठकच खाली निघालेली असते.

घरी एक प्रयोग करा. प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडा, पाणी भरा आणि झाकण उघडे ठेवा. भोकातून धार लागेल. आता स्टुलावरून बाटली खालच्या बादलीत सोडा. बाटली पडत असेपर्यंत धार थांबते! बाटली आणि पाणी बरोबरच पडतात, त्यामुळे पाण्याचा भार बाटलीवर येत नाही. लहान मुलांनी हे मोठ्यांसमोरच करावे.

अंतराळ स्थानकही असेच सतत पडत असते. मात्र ते ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पुढेही धावते. ते जितके खाली येते, तितकीच पृथ्वीची गोल पाठही खाली वळलेली असते. म्हणून ते जमिनीला टेकत नाही आणि सुमारे दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालते. आतली माणसे, पाणी, भांडी सारे त्याच्याबरोबर पडते. कुणी कुणाला पेलत नाही, म्हणून सारे तरंगते. पृथ्वीची ओढ नसती, तर स्थानक सरळ रेषेत दूर निघून गेले असते.

हे तरंगणे गमतीचे दिसले, तरी शरीराला महागात पडते. भार पेलायचा नसल्याने स्नायू क्षीण होतात. कमरेच्या व पायांच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्यापर्यंत घटू शकते. म्हणून स्थानकातील माणसे रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. १९८४ साली राकेश शर्मा यांनी 'सॅल्यूत-७' या स्थानकात योगासने करून पाहिली होती. शुक्ला यांनीही आपल्या १८ दिवसांच्या मुक्कामात स्नायूंच्या झिजेसंबंधी प्रयोग केला.

दिवसभर पाटी उचलणाऱ्या आमच्या आयाबहिणींना भाराचे कौतुक कोण सांगणार? अति भार शरीर मोडतो, हे त्या जाणतात. पण भार अजिबात नसला तरी शरीर खचते, हे अंतराळाने दाखवून दिले.

त्या मुलीला आम्ही दुसऱ्या दिवशी घरी जाऊन सांगितले, "तुझे बरोबर होते." घरातल्या मुलाने अशी शंका काढली, तर त्याला "गप्प बस" म्हणू नका. आणि आम्ही लिहिले म्हणून तुम्हीही मान डोलावू नका. बाटली घ्या, भोक पाडा, स्वतः पाहा.