हरणांच्या राज्यातला विमा
माझी भाची अमेरिकेतल्या आयोवात नोकरीला लागलीय. या आठवड्यात तिनं आपल्या जुन्या गाडीच्या विम्याचा कागद मला वाचायला पाठवला. मक्याच्या शेतांचं हे राज्य, रस्त्यांवर गर्दी कमी, म्हणून हप्ताही फ्लोरिडा-न्यूयॉर्कच्या मानानं बराच कमी. कायद्यानं सक्तीचं संरक्षणही बेताचंच: एका जखमी माणसासाठी २०,००० डॉलर, अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून ४०,००० आणि दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी १५,०००. तिथल्या शेतकऱ्याचा नवा पिकअप ट्रक सहज याच्या तिप्पट किमतीचा असतो. त्याला धडक दिली तर वरचा खर्च पोरीच्याच खिशातून! शिवाय एवढ्यावर स्वतःच्या गाडीसाठी छदामही मिळत नाही. आणि आयोवात गाडीपुढे केव्हा हरीण येईल, नेम नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्यांचा माजाचा हंगाम. तिन्हीसांजेला ती बेभान होऊन रस्त्यावर धावतात. हरणाला धडक बसली तर भरपाई ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ विम्यातून मिळते. हरणाला चुकवताना गाडी झाडावर आदळली, तर मात्र ‘कोलिजन’ विमा लागतो. म्हणून मी तिला स्पष्ट सांगितलं, ‘अगं, मामाचं ऐक, हे दोन्ही घे आणि दुसऱ्यांसाठीचं संरक्षण किमान मर्यादेच्या कितीतरी वर ने. हरीण दिसलं तर स्टिअरिंग वळवू नकोस, सरळ ब्रेक दाब.’ हप्ता कमी असलेल्या राज्यात आणखी काटकसर करण्यापेक्षा, त्याच पैशात मोठं संरक्षण घ्यावं, हे माझं ठाम मत आहे.