पाऊस कुठे अडतो?

मे सरत आला की घरोघरी एकच चौकशी: केरळात पोचला का? देशातल्या वर्षभराच्या पावसापैकी सुमारे पाऊण हिस्सा जून ते सप्टेंबरात पडतो, तेव्हा ही घाई रास्तच. या अंकात मात्र आम्ही तारखांचा नाद सोडून पाऊस घडतो कसा, याकडे वळलो आहोत.

तापलेली जमीन, हिंदी महासागरावरून येणारे बाष्पाचे वारे, उत्तरेचा गारठा अडवणारा हिमालय, सगळ्यांचाच यात हात. पार प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाचाही! हे नातं १९०४ ते १९२४ या काळात भारतीय वेधशाळांचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी आकडेमोडीतून पुढे आणलं.

आपला सह्याद्री तर शेजाऱ्यांतही भेद करतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की तो हजाराच्या आत. पूर्वेला माण-खटावात पाचशेच्या आसपास, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट. जिल्हा एकच, सातारा!

हल्ली आठवड्याचा पाऊस एका रात्रीत कोसळतो, मग पंधरवडाभर आभाळ कोरडं. कागदावर सरासरी भरते, दुबार पेरणी टळत नाही. म्हणून सरासरीवर आमचा फारसा भरवसा नाही, आणि अंकातले लेखही पाऊस किती यापेक्षा कधी आणि कुठे, हेच विचारतात.

तुमच्या गावात कुणी पर्जन्यमापकाची वही राखली असेल, तर तिच्याविषयी जरूर लिहा. आमचं म्हणणं पटलं नाही तर तेही कळवा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.